वजन घरचं पाहिजे

मन्मथआप्पा जाऊन दोन वर्षं होत आली, तरी रोज सकाळी त्यांचा डोळा माझ्याकडे बघतो. मी ऑफिसात येतो, पंखा लावतो, कॉम्प्युटर सुरू करतो आणि तपासणीचं बटण दाबतो. मग पडद्यावर एकामागून एक फोटो सरकत जातात. खालची पापणी बोटानं ओढून धरलेली, आतली ओलसर कड उघडी पडलेली, आणि त्या बोटाच्या नखाखाली ग्रीसची जुनी काळी रेघ. दोनशे अकरा फोटो, सगळे एकाच डाव्या डोळ्याचे. सगळे सरकायला दीड मिनिट लागतं. ऑफिसात नव्यानं आलेली मुलं तेवढ्यात चहा सांगून घेतात. मला अजून ते जमलेलं नाही.

परभणीत वसमत रोडला, एका शिकवणी वर्गाच्या डोक्यावर दोन खोल्यांत आमचं ऑफिस आहे. काम सांगायला सोपं. बाईच्या पापणीच्या आतल्या बाजूचा फोनवर फोटो काढायचा आणि तिच्या अंगात रक्त किती आहे याचा अंदाज फोननं सांगायचा. सुई नाही, बाटली नाही. गरोदर बायांसाठी गावोगावच्या आशाताईंच्या हाती हे द्यायचं होतं. फोटो बघून आकडा सांगणारं मॉडेल पुण्याच्या एका संस्थेत पायथॉन भाषेत तयार व्हायचं. आशाताईंच्या स्वस्तातल्या फोनमध्ये मात्र आमचं ॲप जावा भाषेत लिहिलेलं. तिकडचं मॉडेल इकडच्या साच्यात बसवायचं आणि तिथं जे आकडे येत होते तेच इथंही येतात ना हे बघायचं, एवढंच आमचं काम. एवढंच म्हणतोय, पण त्यापायी माझे केस पिकले.

आप्पा त्याला सोयरिकीचा मामला म्हणत. "पोरीचं माहेर पायथॉन आन सासर जावा. माहेरी शहाणी होती, सासरी आल्यावर येड्यावाणी बोलायली, तर पोरीला दोष द्यायच्या आधी सासरच्यांनी तिला काय खायला घातलं ते बघावं." सासर म्हणजे मी. जावाची बाजू माझी होती.

आप्पा इंजिनिअर नव्हते. मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या लिंगायत घरातले ते. वडील सायकलला लाकडी पेटी बांधून दुकानोदुकानी हिंडायचे. पेटीत मखमलीवर पितळी वजनं बसवलेली. पुढं इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा आप्पा त्यांच्या आतल्या सर्किटच्या पट्ट्या शिकले, पट्ट्यांमधले प्रोग्राम शिकले, आणि कुणी न शिकवता कॉम्प्युटरपर्यंत येऊन पोचले. आमच्या मालकांनी त्यांना एकदा प्रिंटर दुरुस्त करायला बोलावलं होतं. प्रिंटर दुरुस्त झाला आणि आप्पा परत गेलेच नाहीत. रविवारी मात्र मोंढ्यातले काटे तेच बघायचे, म्हणून नखाखालची रेघ कधी गेली नाही.

मी पाथरीहून यायचो, ते मानवतला एसटीत चढायचे. मी रुमाल टाकून त्यांची जागा धरायचो आणि ते ती हमखास कुठल्या तरी बाईला देऊन दांडीला लटकायचे. तसंच उभ्यानं मला कालची चूक समजावून सांगायचे. मला ते 'विलासराव' म्हणत. चुकलो की 'तुमी' म्हणत, आणि फारच मोठी चूक असली की 'तू'.

कुठलीही गोष्ट तपासायची त्यांची एक रीत होती. "काटा तपासायचा तर वजन घरचं पायजे." दुकानदाराचंच वजन घेऊन त्याचा काटा तपासला तर दोघं मिळून खोटं बोलतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. पुण्याहून मॉडेलबरोबर तपासणीसाठी चाळीस फोटो यायचे, त्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. कुणाचे डोळे, कुठल्या उजेडातले, कोण जाणे. म्हणून काम सुरू झालं त्याच दिवशी ते लॅबमध्ये जाऊन स्वतःचं रक्त तपासून आले. हिमोग्लोबिन १३.६ निघालं. तेव्हापासून आप्पांचा डावा डोळा हे आमच्या ऑफिसचं वजन झालं.

रोज दहाला ते उत्तरेच्या खिडकीपुढे स्टुलावर बसायचे. उजेड सारखा पडावा म्हणून चौकटीला एक पांढरी चिनीमातीची बशी टेकवून ठेवायचे. डाव्या हाताच्या बोटानं पापणी ओढायची, उजव्या हातानं फोटो काढायचा. इतर कुणाचा डोळा असा धरला की तो फडफडतो, पाणी येतं. आप्पांचा हलायचाही नाही. आंघोळीनंतर इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन त्याकडे एकटक बघत बसायची त्यांची पूजा होती. ती झाल्याशिवाय पाणीसुद्धा घेत नसत. "एका जागी बघायची सवय हाय मला," म्हणायचे. मग वहीत पेन्सिलीनं तारीख, ऊन की ढग, आणि आकडा.

पहिल्यांदा मॉडेल फोनवर आलं तेव्हा त्यानं आप्पांना ४.१ रक्त दिलं. इतकं रक्त असलेला माणूस जिना चढून वर येत नाही. मी चार दिवस मॉडेलचे सांधे उचकटत बसलो. पाचव्या दिवशी आप्पांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. एकाच फोटोच्या कोपऱ्यातले रंगांचे पहिले नऊ आकडे, डावीकडे पायथॉनला मिळालेले आणि उजवीकडे जावाला मिळालेले. आकडे तेच होते, फक्त रांग उलटी होती. तिकडं निळा रंग आधी मोजत आणि लाल शेवटी, मी लाल आधी पाठवत होतो. मॉडेल बिचारं लालाच्या जागी निळा बघत होतं, त्याला रक्त दिसणार कुठून? "डबा तोच हाय विलासराव. डब्यात काय भरायलोत ते बघा की," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी १३.५ आलं.

राणीसावरगावची गोष्ट मात्र सांगायला हवी. तिथं आम्ही पहिल्यांदा खऱ्या माणसांवर ॲप चालवून बघायला गेलो होतो. शाळेच्या व्हरांड्यात बाया बसलेल्या, बऱ्याचशा मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. आशाताई गयाबाई फोटो काढायच्या आणि फोन दर वेळी म्हणायचा, पुन्हा काढा. चार वेळा पापणी ओढल्यावर गयाबाई म्हणाल्या, "साहेब, हिला आता डोळा दुखायलाय." आप्पांनी फोन घेतला, उलटसुलट पाहिला आणि त्याची भाषा मराठीची इंग्रजी केली. लगेच आकडा आला. फोन मराठीत असला की माझं जावा आकडेही मराठीत लिहायचं आणि पुढचा भाग ते वाचू शकायचा नाही. ऑफिसात आमचे सगळे फोन इंग्रजीत, म्हणून हे कधी दिसलंच नव्हतं. आप्पा हसले नाहीत. त्याच दिवशी त्यांनी स्वतःचा फोन मराठीत केला, तो कायमचा.

पण आकडा दिसायला लागल्यावर पुढच्याच बाईचा आकडा ६.४ आला. भिंतीला टेकून बसलेली तरणी बाई, पोटुशी. मी म्हणालो, यंत्र अजून जागेवर आलेलं नाही, पुन्हा दोनदा तपासू. आप्पांनी तोवर जीपवाल्याला हाक मारली होती. बाईला आणि तिच्या सासूला बसवून ते गंगाखेडच्या दवाखान्यात घेऊन गेले. आमची तपासणी अर्ध्यावर राहिली, मालक चिडले. दवाखान्यात ६.१ निघालं. दुसऱ्या दिवशी आप्पांनी ऑफिसातल्या फळ्यावर वरच्या बाजूला लिहिलं: 'आकडा कमी आला की आधी माणूस न्या. यंत्र नंतर बघा.' खालचा फळा रोज पुसला जायचा. ही ओळ कुणी पुसली नाही.

आणि त्या ओळीखाली बसून आम्ही पाच महिने यंत्र बघत राहिलो.

सुरुवात दिवाळीनंतर झाली. वहीत १३.६ चं १३.३ झालं. आप्पांनी शेजारी लिहिलं, 'ढग'. मग १२.९, 'धुकं'. मग १२.५, 'खिडकीची काच धुतली नाही'. काच मीच धुतली. संक्रांतीनंतर पुण्याहून नवं मॉडेल आलं. स्वस्त फोनवर चालावं म्हणून ते आकसवून चौथाईवर आणायचं होतं. मोठे अपूर्णांक कापून लहान करायचे, थोडी अचूकता सोडायची आणि जागा वाचवायची. आम्ही ते आकसवलं, नव्या फोनवर चढवलं आणि आप्पांचा डोळा त्यापुढे धरला. ११.८.

आम्हाला नवल वाटलं नाही, उलट बरं वाटलं. चूक सापडली असं वाटलं. लहान करताना मॉडेलनं कुठंतरी खाल्लं, हे आप्पांचं मत. मी कापाकापी बदलली, आकडे गोल करायची रीत बदलली, फोटो लहान करायची पद्धत बदलली. रोज एक बदल आणि रोज एक नवा आकडा. ११.५. ११.१. १०.६. मी रोज काही ना काही बदलत होतो, त्यामुळे आकडाही रोज बदलतोय याचं कुणाला काही वाटलं नाही. पुण्याचे चाळीस फोटो मात्र पहिल्या दिवसापासून जुळत होते. ते दुकानदाराचं वजन, त्यावर आमचा विश्वास नव्हता.

एकदा मी जुनं, न आकसलेलं मॉडेल आप्पांच्या त्या दिवशीच्या फोटोवर चालवून पाहिलं. त्यानंही तेच सांगितलं, १०.६. दोन वेगवेगळी मॉडेलं एका सुरात एकच गोष्ट सांगत होती. यावरून मी काय अर्थ काढावा? की नव्या फोनचा कॅमेरा लाल रंग कमी पकडतो.

या सगळ्या दिवसांत आप्पा कसे होते हे मी बघत होतो. बघत होतो म्हणूनच आज ते आठवतं. ते जिन्याच्या वळणावर थांबून खिशातून फोन काढायचे आणि काहीतरी वाचल्यासारखं करायचे. मी रुमाल टाकून धरलेल्या जागेवर आता ते स्वतःच बसायला लागले होते. आणि खालच्या रसवंतीवरून वाटीभर बर्फ आणून ते दिवसभर कुडूमकुडूम खायचे. आम्ही त्यावरून त्यांची थट्टा करायचो. म्हातारपणी दात मजबूत करायलेत म्हणायचो. आशाताईंसाठी आम्ही एक माहितीपत्रक छापलं होतं. धाप लागणं, थकवा, माती, खडू किंवा बर्फ खाण्याची इच्छा होणं ही रक्त कमी असल्याची लक्षणं आहेत, असं त्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे. तो मजकूर आप्पांनीच लिहिला होता. त्याचे गठ्ठे त्यांच्या टेबलाखाली होते. बर्फाची वाटी ते त्या गठ्ठ्यांवर ठेवायचे.

एप्रिलच्या शेवटी, ॲप आता पाठवाच, असा पुण्याहून निर्वाणीचा फोन आला. मग मी एक उद्योग केला. फोटो मॉडेलकडे जायच्या आधी त्यातला लाल रंग थोडा वाढवायचा. किती? आप्पांचा डोळा १३.६ वर येईल एवढा. दुपारभर मी तो काटा मागंपुढं करत बसलो आणि बरोबर १३.६ वर आणून ठेवला. मला इतका आनंद झाला की मी आप्पांना टाळी द्यायला हात पुढे केला.

त्यांनी टाळी दिली नाही. पडद्याकडे पाहत विचारलं, "कसं केलास?"

मी सांगितलं. 'केलास' ऐकूनच मला कळायला हवं होतं.

"या फोनवर दुसऱ्या कुणाचा डोळा बघितलास का?"

नव्हता बघितला. तीन महिन्यांत आम्ही त्या फोनपुढे दुसरा एकही जिवंत डोळा धरला नव्हता. आप्पांनी मला स्टुलावर बसवलं आणि माझी पापणी स्वतःच्या बोटानं खाली ओढली. बाहेर मराठवाड्याचा उन्हाळा तापत होता, खिडकीचा गज हाताला चटका देत होता. त्यांचं बोट गार होतं.

लाल वाढवून माझा आकडा आला १६. लाल काढून टाकल्यावर आला १४.१. मागच्याच महिन्यात मी रक्तदान केलं होतं आणि त्याचं कार्ड माझ्या पाकिटात होतं. त्यावर १४ लिहिलेलं होतं. कॅमेरा बरोबर होता. मॉडेल बरोबर होतं. आकसलेलंही आणि न आकसलेलंही.

आप्पांनी ते दोन आकडे पुन्हा वाचले. मग आपली वही उघडली आणि दिवाळीपासूनची पानं एकेक करून उलटली. मी काही बोलायला गेलो तर हातानं थांबवलं.

"बाबा दर दोन वर्षाला पेटीतली वजनं घेऊन परभणीला जायचे, तपासायला," ते म्हणाले. "मी इचारायचो, आपण लोकाचे काटे तपासतो, आपली वजनं कामून तपासायची? तर म्हणायचे, हात लागून लागून पितळबी झिजतं."

वही मिटून त्यांनी माझ्याकडे दिली. "ते लाल काढून टाक. मी लॅबमधून येतो." मी खिडकीतून बघत होतो. रस्ता ओलांडायच्या आधी ते रसवंतीच्या खांबाला धरून उभे राहिले. रसवंतीवाल्यानं सवयीनं बर्फाची वाटी पुढे केली. ती त्यांनी घेतली नाही.

लॅबमध्ये ९.२ निघालं. त्या सकाळी, मी लाल वाढवायच्या आधी, आमचं ॲप ९.३ म्हणालं होतं.

आतड्यात गाठ होती आणि तिथून आतल्या आत रक्त जात होतं. नांदेडच्या डॉक्टरांनी सरळच सांगितलं की चार-पाच महिने आधी यायला हवं होतं. चार-पाच महिने. वहीत १३.३ पुढे 'ढग' लिहिलेलं ते पान मी त्यांना दाखवलं नाही. आजही ते पान उघडलं की मला वाटतं, त्या एका शब्दावर बोट ठेवून मी फक्त 'का?' एवढं विचारायला हवं होतं. दिवसातून वीसदा मी कॉम्प्युटरला तो प्रश्न विचारत होतो.

पावसाळा संपता संपता मी त्यांना शेवटचं भेटलो, मानवतला, त्यांच्या घरी. पुढच्या खोलीत भिंतीला जुने काटे टांगलेले आणि त्यांच्याखाली आप्पांची खाट. शांताकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पाठीमागं दोन उशा लावून त्यांना बसवलं. ते निम्मे झाले होते. नखाखालची रेघ गेली होती. इतकी स्वच्छ नखं मी त्यांची कधी पाहिली नव्हती, आणि ती बघवेनात.

येताना एसटीत मी शब्द जुळवून आणले होते. तिथं फक्त 'आप्पा, मी चुकलो' एवढंच निघालं.

"मीबी रोज बघतच होतो की," ते म्हणाले. "वजनाला कळत नसतं, आपुन झिजायलोत म्हणून."

मग विचारलं, "फोन आणलास का?"

लॅबच्या त्या दिवसापासून आम्ही ॲप पुण्याला पाठवलंच नव्हतं. मालक ओरडून ओरडून गप्प बसले होते. माझी हिंमत होत नव्हती. आप्पांनी काकूंना बशी आणायला सांगितली. काकूंनी ती दाराच्या उजेडात धरली. आप्पांचा हात वर येईना, म्हणून पापणी मी ओढली. आतली कड कागदासारखी पांढरी पडलेली. डोळा मात्र तसाच होता, एकटक. मी फोटो काढेपर्यंत ते तसेच थांबून राहिले.

७.२ आलं.

आप्पांनी उशीखालून सकाळीच आलेला लॅबचा कागद काढला आणि फोनच्या शेजारी ठेवला. एकाला एक लावून, तो नऊ आकड्यांचा कागद ठेवला होता तसा. त्यावर ७.१ होतं. त्यांनी दोन्हीवरून बोट फिरवलं. चेहऱ्यावर समाधान पसरलं, आणि ते खोटं नव्हतं. ते बघून मला रडू आलं.

"बरोबर सांगायलंय," ते म्हणाले. "आता पाठवून दे."

मी दुसऱ्या दिवशी पाठवून दिलं. बारा दिवसांनी आप्पा गेले. त्यांच्यात माणसाला बसवून माती देतात. डाव्या तळहातावर इष्टलिंग, पाठ ताठ, तोंड समोर. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की हे स्टुलावर बसलेत आणि आता फोटो काढतील.

गयाबाईंचा अधूनमधून फोन येतो. अमक्या वाडीतल्या बाईचा आकडा कमी आला, नेलं, बाई बरी आहे. मी म्हणतो, बरं झालं. फळ्यावरची ओळ तशीच आहे.

आणि रोज सकाळी मी बटण दाबतो. मॉडेलमध्ये कुठंही काडीचा बदल झाला की पाठवण्याआधी ते आप्पांच्या दोनशे अकरा फोटोंवर चालतं. आजचे आकडे त्यांच्या वेळच्या आकड्यांशी जुळले पाहिजेत. १३.६, १३.३, १२.९. ढग, धुकं, काच. आम्हाला जे पाच महिने दिसलं नाही ते दीड मिनिटात उतरत जातं. दोनशे दहा फोटोंत बुबुळावर ऑफिसची खिडकी उमटलेली दिसते आणि फोन धरलेला त्यांचाच हात. शेवटच्या फोटोत दार आहे, दाराच्या उजेडात बशी धरलेल्या काकू आहेत आणि वाकून उभा असलेला मी. ७.२ येतं. पडद्यावर हिरवी खूण उमटते आणि खाली अक्षरं येतात, सगळं जुळलं. ते खरंच जुळलेलं असतं.